जेथें मोटार थांबते

आमच्या जिल्ह्यांत जेथें मोटार जाऊं शकत नाहीं, किंवा तिला जाऊं दिलें जात नाहीं, अशीं तीन स्थळें प्रवाशांच्या विशेष आवडीचीं आहेत. एक अलिबागच्या पुळणीसमोर पाण्यांत उभा असलेला कुलाबा किल्ला; ओहोटी लागली म्हणजे तेथें पायीं अगर घोडागाडींत बसून जातां येतें. दुसरें उरण तालुक्यांतील घारापुरीचें बेट. तिसरें माथेरान. पहिल्या दोहोंस समुद्रानें मोटारीपासून राखलें आहे, तिसऱ्यास मनुष्यानें. जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं कुलाब्याचें रायगड झालें, तरी आमच्या पिढीच्या तोंडून अजून कधीं कधीं ‘कुलाबा जिल्हा’ असेंच निघून जातें. वाचकांनीं तेवढी संवय क्षम्य मानावी.

मोटारीवांचूनचें गांव ही हल्लीं मोठ्या कौतुकाची गोष्ट झाली आहे, आणि तें कौतुक आम्हांसही मान्य आहे. मे महिन्यांतल्या एखाद्या शनिवारीं वडखळ नाक्यावर मोटारींच्या रांगेंत ज्यांनीं दोन घटका घालविल्या असतील, किंवा ज्या पुळणीवर लहानपणीं शिंपले वेंचले तेथेंच आतां चाकांचे खोल चर पाहिले असतील, त्यांस मोटार गांवाबाहेर ठेवण्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. परंतु मोटार वेशीवर थांबली म्हणजे तिच्यांतून उतरणारें प्रत्येक माणूस आपल्या पायांनीं पुढें चालूं लागतें, असें गृहीत धरून आपण बोलत असतों. तें गृहीत खरें नाहीं, हें आम्हांस पुस्तकानें शिकविलें नाहीं. आमच्या माईनें शिकविलें.

माई ही आमची धाकटी भगिनी. घरांतील मुलें तिला माईआत्या म्हणतात. तीन वर्षांची असतां तिला पोलिओचा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हां दोन्ही पाय कमरेपासून दुबळे झालेले होते. लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि काखेंतल्या कुबड्या यांच्या बळावर ती मॅट्रिकपर्यंत शिकली, आणि पुढें चौलच्या घरांत शिवण व शिकवण्या करून तिनें स्वतःचा खर्च कधीं कुणावर पडूं दिला नाहीं. पन्नाशीच्या सुमारास खांद्यांनीं दगा दिला, तेव्हां चाकांची खुर्ची आली. २०१४ सालीं २७ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या देशास पोलिओमुक्त ठरविलें. तें वर्तमान वाचून माई म्हणाली, “फार चांगलें झालें. आतां आम्ही शेवटचीं. आमच्यामागून कोणी नाहीं. म्हणजे आमच्यासाठीं कोणी रस्ता नीट करील ही आशाही संपली!” हें ती हंसून म्हणाली, हें सांगावयास हवें. पुढें पुतण्यांनीं तिला समजावून सांगितलें कीं, अपघातानें, पक्षाघातानें आणि नुसत्या वार्धक्यानेंही माणसें पांगळीं होतच राहणार, तेव्हां ती म्हणाली, “मग ठीक, माझी खुर्ची मागें तुमच्या उपयोगी पडेल.”

त्याच वर्षींच्या नाताळच्या सुटींत आम्ही सहकुटुंब माथेरानास गेलों. माईस चार दिवस घराबाहेर काढावें, थंड हवा दाखवावी, हा आमचाच हट्ट. पेण, खोपोली, कर्जत करीत नेरळास आलों. नेरळाहून वर जाणारी दोन फूट रुंदीच्या रुळांची ती छोटी आगगाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानें आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीनें १९०७ सालीं सुरू झाली. मुलांस ती हवी होती. पण जेवढे रूळ लहान तेवढा डबा लहान, आणि तेवढेंच दार अरुंद. कॅलिपर घातलेल्या माणसास गुडघ्याची कळ सोडल्याशिवाय बसतां येत नाहीं, आणि कळ सोडण्यापूर्वीं उभ्यानें वळावें लागतें. तेवढें वळण त्या डब्यांत नव्हतें. म्हणून मुलें गाडीनें गेलीं, आणि माई, आम्ही व आमच्या सौभाग्यवती मोटारीनें घाट चढून दस्तुरी नाक्यावर पोंचलों.

दस्तुरी म्हणजे माथेरानची वेस. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० च्या मे महिन्यांत हा डोंगर साहेबलोकांच्या नजरेस आणला तेव्हां मोटार जन्मासही आली नव्हती. पुढें ती आली, पण वर शिरूं दिली गेली नाहीं. आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजीं केंद्र सरकारनें हा सर्व प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर त्या जुन्या रिवाजास कायद्याचें बळ मिळालें. आजारी माणसासाठीं रुग्णवाहिका, एवढाच काय तो अपवाद. दस्तुरीपासून बाजार अडीच-तीन किलोमीटर. तांबड्या जांभ्याच्या मातीची वाट, दोहों बाजूंस दाट झाडी, कोठें भोंगा नाहीं, धूर नाहीं. दुपारीं पक्ष्यांचे आवाज ऐकूं येतात. त्या सुखाचें वर्णन करावयास आमची लेखणी अपुरी आहे, आणि तें खोटें नाहीं.

पण माई मोटारींतून उतरून खुर्चींत बसली आणि खुर्ची वीस पावलांवर रुतली. तांबड्या धुरळ्यांत पुढचीं लहान चाकें आडवीं होत, आणि मध्येंच डोकें वर काढणाऱ्या दगडांवर अडत. राहिला घोडा. घोडेवाल्यानें अगदीं शांत घोडी पुढें केली. परंतु घोड्यावर बसणें म्हणजे मांड्यांनीं धरणें व रिकिबींत पाय रोंवणें, आणि नेमकें तेवढेंच माईस जमत नाहीं. शेवटीं हातरिक्षा केली.

ज्यांनीं ती पाहिली नसेल त्यांच्याकरितां सांगतों. दोन मोठ्या चाकांवर एक छत्री असलेली खुर्ची. पुढें एका माणसानें दांड्या धरून ओढावयाचें, मागून दोघांनीं ढकलावयाचें. उतार आला म्हणजे तिघांनींही मागें रेटून तिला आवरावयाचें. माथेरानास अशा चौऱ्याण्णव परवान्याच्या रिक्षा होत्या. आमच्या रिक्षाचा पुढचा माणूस वयानें आम्हांहून मोठा असावा. प्रत्येक चढणीस माई म्हणे, “दादा, त्यांना म्हणावें घटकाभर थांबा.” आम्ही सांगत असूं, आणि ते थांबत नसत, कारण चढणीवर थांबलेली रिक्षा पुन्हां हलविणें अधिक कष्टाचें असतें, हें त्यांस ठाऊक होतें आणि आम्हां शिकलेल्यांस नव्हतें.

बाजारांत पोंचल्यावर माईनें ठरलेल्याहून अधिक पैसे दिले आणि म्हणाली, “मी पुन्हां बसणार नाहीं, राग मानूं नका.” त्यावर तो म्हातारा म्हणाला, “ताई, तुमी नाय बसलात तर आमी खायाचं काय?” या प्रश्नास उत्तर तिच्याजवळ नव्हतें, आमच्याजवळही नव्हतें. पुढचे तीन दिवस माई निवासाच्या ओसरींत वाचीत बसली. त्या ओसरीसही चार पायऱ्या होत्याच. परततांना आम्ही मुलांस दरीचें वर्णन करावयास सांगत होतों, तेव्हां ती एवढेंच बोलली: “दरी चांगली असेल. मला वाटभर त्यांच्या पाठीवरचा घामच दिसत होता.”

सांख्यकारिकेंत पंगु आणि अंध यांचा दृष्टांत आहे. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा बसतो. एकाचे पाय, दुसऱ्याचे डोळे. दोघेही रानांतून बाहेर पडतात. ईश्वरकृष्णानें तो पुरुष आणि प्रकृति यांच्यासाठीं योजिला, पण आमच्या मनांत तो माथेरानच्या वाटेवर वरचेवर येत असे, आणि दर वेळीं लंगडा पडे. दृष्टांतांत दोघांस एकमेकांची गरज सारखी आहे. येथें एकास रस्ता नाहीं म्हणून तो वर बसलेला, आणि दुसऱ्यास दुसरा धंदा नाहीं म्हणून तो खालीं जुंपलेला. ज्या गांवानें मोटारीचा धूर नको म्हटलें, त्यानें तिचें ओझें मात्र तीन माणसांच्या पाठीवर ठेवलें, आणि त्या ओझ्यास ‘पर्यावरण’ असें संस्कृत नांव दिलें. संस्कृताचा आम्हांस अभिमान आहे; परंतु कांहीं शब्द फार सोयीचे असतात हेंही खरें. ‘अपंग’ शब्दाच्या जागीं २०१५ नंतर ‘दिव्यांग’ हा शब्द आला; त्यानें ओसरीची एकही पायरी कमी झाली नाहीं, असें माई म्हणते.

यांतून वाट निघाली ती माथेरानांतूनच. तेथील एका निवृत्त शिक्षकांनीं हातरिक्षाचालकांच्या बाजूनें विजेच्या रिक्षांसाठीं वर्षानुवर्षें खटपट केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलें. आमच्या व्यवसायांतील माणसानें हें केलें याचा आनंद आम्ही लपवीत नाहीं. न्यायालयानें १२ मे २०२२ रोजीं प्रयोगादाखल परवानगी दिली, आणि ५ डिसेंबर २०२२ पासून तीन महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. वर्तमानपत्रांत वाचतांच आम्हीं माईस विचारलें. ती आठवडाभर कांहीं बोलली नाहीं, मग आपण होऊन म्हणाली, “ओढणारें कोणी नसेल तर येतें.”

२०२३ च्या जानेवारींत, आठ वर्षांनीं, आम्ही पुन्हां दस्तुरीस उभे होतों. बसावयाची पाटी बेताच्या उंचीची. माई स्वतः सरकत आंत बसली, खुर्ची मिटून पायाशीं ठेवली. शेजारीं दप्तरें घेतलेलीं तीन शाळकरी मुलें बसलीं; एरवीं त्यांस ही वाट रोज पायीं तुडवावी लागे. माईनें त्यांस इयत्ता विचारली, पाढे विचारले, एकास सतराचा येईना तो रस्त्यांतच म्हणून घेतला. चढ आला, रिक्षानें किंचित् गुणगुण केली आणि ती चढून गेली. माई बाहेर पाहत होती. बाजारांत उतरल्यावर तिनें चालकास पैसे दिले, तेवढेच, ठरलेले. अधिक एक रुपयाही नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं डोळ्यांनीं खुणावलें, पण आम्ही ओळखून गप्प राहिलों. आयुष्यांत बहुधा प्रथमच ती कुणाचे उपकार न घेतां डोंगर चढली होती.

येथेंच हा लेख संपविला तर वाचतांना गोड वाटेल, परंतु तो अपुरा राहील. दुसऱ्या दिवशीं माई म्हणाली, आतां दरी पाहूं. माथेरानास लहानमोठे अडतीस पॉइंट सांगतात. विजेची रिक्षा मुख्य रस्त्याची; तेथून पुढें पॉइंटाकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे मुळ्या, दगड आणि पावसानें पाडलेले चर. दोघां पुतण्यांनीं खुर्ची मागें कलती करून मोठ्या चाकांवर ओढण्याचा प्रयत्न केला. अर्ध्या वाटेवर माईनें थांबविलें. “पुन्हां तेंच चाललें आहे,” ती म्हणाली, “फक्त यांस पैसे द्यावे लागत नाहींत.” आम्ही परतलों.

आतां कोणी विचारील, मग काय सगळ्या रानांत फरसबंदी करावयाची? तशी मागणी आम्ही करणार नाहीं, आणि माईही करीत नाहीं. रस्त्यावर ठोकळे बसविण्यावरून माथेरानांत मोठा वाद झालेला आहे. धुपणारी माती आवरावी म्हणून ते हवेत असें एक पक्ष म्हणतो. घोडे घसरतात, पाणी मुरत नाहीं आणि ठोकळ्यांमागून मोटारही येईल, असें दुसरा म्हणतो. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे. परंतु त्या वादांत खुर्चीच्या चाकाचा उल्लेख आमच्या कानीं क्वचितच आला. अडतीसांपैकीं एका पॉइंटापर्यंत एक वाट नीट दाबून, चढ सौम्य ठेवून केली तर कोणतें रान बुडणार आहे? “मला अडतीस नकोत, एक पुरे,” हें माईचें म्हणणें आम्हांस कोणत्याही आयोगाच्या अहवालाहून अधिक विचारपूर्वक वाटतें.

पुढें न्यायालयानें वीस विजेच्या रिक्षांपर्यंत मुभा दिली, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याची आज्ञा केली. माणसानें माणसास ओढावें ही रीत प्रतिष्ठेस सोडून आहे. १९८० सालीं पंजाबांतील सायकलरिक्षाचालकांच्या प्रकरणांत याच न्यायालयानें दाखविलेल्या वाटेस पंचेचाळीस वर्षें लोटलीं तरी ही रीत चालूच आहे, असा त्या निर्णयाचा आशय. त्या म्हाताऱ्याच्या ‘खायाचं काय’ या प्रश्नासही त्यांत स्थान मिळालें: गुजरातेंत केवडिया येथें आहे तशा धर्तीवर सरकारनें विजेच्या रिक्षा विकत घेऊन त्या ओढणाऱ्यांसच भाड्यानें द्याव्या, आणि पैसा नाहीं ही सबब सांगूं नये. ठोकळे दस्तुरीपासून शिवाजीमहाराजांच्या पुतळ्यापर्यंतच. आंतल्या वाटांवर नाहींत. सुमारें साडेचारशें घोड्यांच्या मालकांची चिंता मात्र यानें मिटत नाहीं. त्यांचाही संसार याच वाटेवर चालतो. घोड्यावर हौसेनें बसणारीं मुलें आहेत तोंवर घोडा राहील असें आम्हांस वाटतें. माईसारख्यांमुळें त्याचें गिऱ्हाईक कमी झालें नाहीं, कारण तीं त्याचीं गिऱ्हाइकें कधीं नव्हतींच.

परदेशांतही हा गुंता आहे. अमेरिकेंतील मॅकिनॉ बेटानें १८९८ सालींच मोटारीस बंदी केली आणि तेथें अद्याप घोडागाड्या चालतात. परंतु अपंगांच्या विजेच्या खुर्चीस मात्र मोकळीक आहे. ती खुर्ची म्हणजे वाहन नव्हे, त्या माणसाचे पाय होत, हा भेद तेथें ओळखला गेला. याच्या उलट व्हेनिस. मोटारीवांचून असलेल्या शहरांचा तो राजा. त्याच्या बोटींवर खुर्ची सहज चढते, पण चारशेंहून अधिक पुलांपैकीं बहुतेकांस पायऱ्या. जुन्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु २००८ सालीं नामांकित स्थापत्यविशारद कालात्रावा यांचा नवा कोरा कांचेचा पूल तेथें उघडला, तोही पायऱ्यांचाच! मग ओरड झाली म्हणून कडेनें सरकणारा एक अंडाकृति पाळणा १३ सालीं बसविला. तो इतका मंद व इतका नादुरुस्त कीं २० सालीं काढून टाकावा लागला. पूल बांधतांनाच जी गोष्ट चढाच्या एका रेघेंत होणारी, ती मागाहून लाखों युरो घालूनही झाली नाहीं. स्पेनमधील पोंतेवेद्रा गांवानें १९९९ पासून मधल्या वस्तींतून मोटारी हटविल्या, पण हटवितांना रस्ता आणि पदपथ एकाच पातळीवर आणले, आणि अपंगांच्या वाहनास येऊं दिलें. तेथें खुर्चींतील माणूस हा अपवाद राहिला नाहीं.

आमच्याकडे कायदा नाहीं असें नाहीं. १९९५ चा होता, २०१६ चा त्याहून विस्तृत आहे. परंतु सार्वजनिक जागा सुगम करण्याचे जे नियम त्याखालीं झाले ते केवळ शिफारशीसारखे होते. राजीव रतुरी यांच्या अर्जावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, ते बंधनकारक असलेच पाहिजेत. निकालाची बातमी आम्हीं माईस वाचून दाखविली. तिनें विचारलें, “यांत वाटेचा चढ किती असावा तें दिलें आहे का?” मार्गदर्शक पुस्तिकेंत तें दिलेलें असतें: एक हात उंचीसाठीं बारा हात लांबी. तिनें लगेच पुतण्यास मोजपट्टी आणावयास सांगून आमच्याच घराच्या पायऱ्या मोजविल्या. आमच्या घरास पन्नास वर्षें तीन पायऱ्या आहेत. तेवढीं वर्षें माईस कोणी ना कोणी उचलीत आला. अंगणांत उतार करावयास जागा होती, हें त्या दिवशीं कळलें. दुसऱ्यांच्या गांवास नांवें ठेवणाऱ्या आम्हांस हें लिहितांना संकोच होतो, पण लिहिलें पाहिजे. उतार आतां झाला आहे.

मोटारीविषयीं आमचें मत तेणेंकरून बदललें नाहीं, तरी एक गोष्ट प्रांजळपणें सांगतों. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसकट माणसें आणणारें जहाज सुरू झालें, तेव्हां आमच्या किनाऱ्यावर आणखी गर्दी होणार म्हणून आम्ही त्रासलों होतों. पूर्वीं लाँचवर चढावयाचें म्हणजे हलती फळी आणि धरलेले हात. आतां माई मोटारींत बसल्याबसल्या जहाजावर जाते. डॉक्टरांकडे मुंबईस जाण्याची तिची वर्षानुवर्षांची धास्ती त्यानें गेली. मोटारीवांचूनच्या गांवाची स्तुति करणाऱ्यानें हेंही वहींत मांडावें, आणि मोटार काढून घेतांना तिच्या जागीं काय देणार तें आधीं सांगावें.

या हिंवाळ्यांत मुलांनीं घारापुरीचा बेत काढला. लेणीं माईनें पाहिलेलीं नाहींत. त्रिमूर्तीचें चित्र मात्र तिच्या खोलींत कित्येक वर्षें आहे. बेटावर मोटार नाहीं. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत लहान आगगाडी आहे, हें ऐकून ती खूष झाली. मग तिनें पायऱ्या विचारल्या. आम्ही म्हणालों, सुमारें एकशें वीस. पण डोली मिळते.

“डोलीस माणसें किती?”

“चार.”

“माथेरानास तीनच होतीं,” माई म्हणाली, आणि समोरच्या कपड्याचा टांका पुढें चालू केला. बेत अद्याप पक्का झालेला नाहीं.